कुन्नूरला राहायला जायचंय? मग आधी तिथला एक नोव्हेंबर काढा

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी आणि माझे यजमान पुण्याहून निलगिरीत, कुन्नूरला राहायला आलो. त्याला आता चार वर्षं झाली. तेव्हापासून महिन्यातून एखादा तरी फोन येतोच, "काकू, आम्हीपण विचार करतोय, काय काय लागतं?" दर वेळी तासभर तेच सांगावं लागतं, म्हणून एकदाचं लिहून काढते.

सर्वांत आधी एक खुलासा. कुन्नूर म्हणजे केरळातलं कण्णूर नव्हे. हसू नका. आमच्या जवळच्या एका कुटुंबाने आम्हाला भेटायला म्हणून कण्णूरचं तिकीट काढलं होतं, आणि समुद्रकिनाऱ्याच्या गावात उतरून "डोंगर कुठे आहे?" असा फोन केला होता. कुन्नूर तमिळनाडूत आहे, समुद्रसपाटीपासून साधारण १,८५० मीटर उंचीवर. उटीच्या १८ किलोमीटर अलीकडे.

गाव बाहेरच्यांना सरावलेलं आहे. इंग्रज उन्हाळा टाळायला आले, चहाचे मळे लावून बसले. शेजारीच वेलिंग्टनची छावणी, मद्रास रेजिमेंटचं केंद्र आणि डिफेन्स सर्व्हिसेस स्टाफ कॉलेज. तिथे शिकायला आलेले कितीतरी अधिकारी निवृत्तीनंतर इथेच परत आले. फील्ड मार्शल माणेकशा अखेरपर्यंत कुन्नूरलाच राहिले. आता त्यात मळ्यांचे निवृत्त मॅनेजर, थोडे परदेशी आणि मुलं बंगळुरूला असलेले आमच्यासारखे आईबाप यांची भर. त्यामुळे "हे कोण आले" अशा नजरेने कोणी बघत नाही. पण चित्रातले जुने बंगले बघून येणाऱ्यांना एक सांगते. ते बंगले घरात चार-पाच गडीमाणसं असणाऱ्यांसाठी बांधलेले आहेत. शेकोटी कोणी पेटवायची, लाकडी जमीन कोणी घासायची आणि गळणाऱ्या कौलांवर कोणी चढायचं, हे आधी ठरवा आणि मग खिडकीतल्या धुक्याच्या प्रेमात पडा.

१. आधी गाव नीट निवडा

निलगिरी म्हणजे एकच गाव नव्हे. उटी सर्वांत उंच, २,२०० मीटरच्या वर. तिथे डिसेंबर-जानेवारीत पहाटे गवतावर हिम साचतं, पारा शून्याजवळ जातो. सांधे दुखत असतील तर उटीचा नाद सोडा. शिवाय हंगामात उटीची गर्दी म्हणजे दिवाळीच्या आधीचा लक्ष्मी रोड. कुन्नूर त्याहून उबदार, हिवाळ्यात रात्री पारा दहाच्या आसपास. कोटगिरी अजून शांत, पण दुकानं आणि डॉक्टर कमी. कोइंबतूरचे तेव्हाचे कलेक्टर जॉन सलिव्हन यांनी १८१९ मध्ये इथलं पहिलं युरोपीय पद्धतीचं घर बांधलं ते कोटगिरीजवळ. उटी नंतर आली. वेलिंग्टन-अरवंकाडूकडे सैन्य आणि दारूगोळ्याचा कारखाना असल्यामुळे हिंदी चालते. माजी सैनिकांना तिथलं लष्करी रुग्णालय हे फार मोठं आकर्षण.

कुन्नूरातही वरचं आणि खालचं असे दोन भाग आहेत. खाली बाजार, बसस्थानक, रेल्वे स्टेशन आणि गोंगाट. वर सिम्स पार्क, बेडफर्ड, शांतता आणि दर वेळी रिक्षाचं भाडं. आम्ही मधल्या चढावर राहतो. उतरताना चालत, येताना रिक्षाने.

२. मे महिन्यात भुलू नका

माझ्या सगळ्या सांगण्यातली ही एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे. सगळे मे महिन्यात येतात. पुण्यात ४० अंश, इथे स्वेटर. सिम्स पार्कात फळांचं प्रदर्शन, चहावर कोवळी पालवी. मग हॉटेलातूनच दलालाला फोन जातो. आम्हीही तेच केलं.

कुन्नूर डोंगराच्या पूर्व अंगाला आहे. आपला जून-जुलैचा पाऊस इथे बराचसा पलीकडच्या बाजूला पडून जातो. इथला खरा पाऊस परतीच्या मान्सूनचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. आपण तिकडे फराळ करून कंदील लावत असतो तेव्हा इथे धुकं घरात येऊन बसतं. दरडी कोसळतात. २००९ च्या नोव्हेंबरात या जिल्ह्यात दरडींनी चाळीसहून अधिक माणसं गेली, आजही लोक काळ मोजताना त्या दरडींचा उल्लेख करतात. पायथ्याच्या मेट्टुपाळयम गावाहून वर येणारा घाट काही तास, कधी काही दिवस बंद होतो. डोंगरी रेल्वे तर या दिवसांत बंद असणं हाच नियम समजा.

तेव्हा अख्खा नोव्हेंबर एखादी खोली भाड्याने घेऊन राहून बघा. हॉटेलात नको, जिथे स्वतः कपडे धुवायचे, स्वतः स्वयंपाक करायचा अशा जागी. कपडे किती दिवसांत वाळतात ते पाहा. गुडघे काय म्हणतात ते ऐका. आणि संध्याकाळी सहाला अंधार पडल्यावर तुम्ही दोघं काय करता, हे प्रामाणिकपणे बघा. इथे नाटकाचा प्रयोग नाही, सवाई नाही, कट्टा नाही. आठला रस्ते सामसूम. आमच्या ओळखीची दोन जोडपी याच कारणाने परत गेली. थंडीने नव्हे, संध्याकाळने.

३. भाड्याचं घर बघताना

पहिली दोन वर्षं भाड्याने राहा. घर शोधताना भाषेचा एक सापळा आहे. तमिळनाडूत डिपॉझिटला "अ‍ॅडव्हान्स" म्हणतात. आणि "लीज" म्हणजे भाडं नव्हे, तर आपल्याकडचं हेवी डिपॉझिट: एकरकमी मोठी रक्कम द्यायची, महिन्याचं भाडं शून्य, सोडताना रक्कम परत. तमिळमध्ये त्याला "ओत्ति" किंवा "बोगियम" म्हणतात. दलाल फोनवर "लीज हाउस" म्हणाला आणि आकडा लाखात सांगितला तर तो वेडा नाही, तुम्हाला शब्द कळला नाही. नवख्या माणसाने या वाटेला जाऊ नये. घरावर आधीचं कर्ज असेल तर तुमची रक्कम अडकते.

राज्याच्या २०१७ च्या भाडे कायद्यानुसार करार लेखी हवा आणि तो भाडे प्राधिकरणाकडे नोंदवायचा. वेगळं ठरलं नसेल तर अ‍ॅडव्हान्स तीन महिन्यांच्या भाड्यापुरता. प्रत्यक्षात जास्त मागतात, घासाघीस करा. करार नोंदवून घेण्याचा आग्रह मात्र सोडू नका, पुढची सगळी कागदपत्रं त्यावरच होतात.

आता घराकडे वळू. मी पहिलं घर दरीचा देखावा बघून घेतलं. घर उत्तरेच्या उतारावर होतं. नोव्हेंबर ते जानेवारी सूर्य डोंगराच्या मागूनच निघून जायचा, घरात ऊन म्हणून नाही. तीन महिन्यांत चामड्याच्या चपलांवर हिरवी मखमल, कपाटातल्या पैठणीवर ठिपके, यांच्या कॅमेऱ्याच्या भिंगात बुरशी. हार्मोनियमच्या पट्ट्या फुगल्या, काळी दोनची पट्टी दाबली की वर यायचीच नाही. पेटी शेवटी पुण्याला भाच्याकडे पाठवली. म्हणून घर बघायला जाताना या गोष्टी तपासा:

- ऊन: सकाळी नऊला आणि दुपारी तीनला, दोन वेळा जा. दक्षिण किंवा पूर्वेकडे उघडं घर घ्या. देखावा मागच्या बाजूला असला तरी चालेल.
- ओल: कपाटं उघडून वास घ्या. नव्या रंगाच्या भिंतीवर विश्वास ठेवू नका, कोपऱ्यात हात लावून बघा. घराची मागची भिंत डोंगराला टेकलेली असेल तर सरळ निघून या.
- पायऱ्या: रस्त्यापासून दारापर्यंत मोजा. चाळीस पायऱ्या आज गंमत वाटतात. सिलिंडर घेऊन येणाऱ्याला आणि पुढे कधी स्ट्रेचर घेऊन येणाऱ्याला वाटणार नाहीत.
- पाणी: नळाला रोज पाणी येईल असं धरू नका. "संप" म्हणजे जमिनीखालची टाकी किती लिटरची, हे मालकाला नको, शेजाऱ्याला विचारा. उन्हाळ्यात लॉरीने पाणी घ्यावं लागतं का, तेही.
- वीज: बिल दोन महिन्यांनी येतं. घरगुती मीटरला पहिली १०० युनिटं फुकट. पण हिटर, गीझर आणि ओल काढायचं यंत्र लावलं की टप्पे चढत जातात. एकाच मीटरवर दोन घरं असतील तर आधीच बोलून घ्या.
- मोबाइल: प्रत्येक खोलीत फोन लावून बघा. वळणावळणाला रेंज बदलते.

ओल काढायचं यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर, ही चैन नाही. फ्रिजच्या आधी ते घ्या.

४. सामान आणायचं कसं

पुण्याहून निघणारा मोठा ट्रक घाटाच्या खाली मेट्टुपाळयमपर्यंत येतो. पुढे बहुतेक वेळा सामान छोट्या गाडीत भरावं लागतं, आणि घर गल्लीत असेल तर तिथून माणसांच्या डोक्यावर. पॅकर्सवाले पुण्यात "दारापर्यंत" म्हणतात. करारात लिहून घ्या: घाटाखाली गाडी बदलण्याचा खर्च कोणाचा, आणि पायऱ्यांवरून सामान चढवण्याची हमाली कोणाची. आम्ही लिहून घेतलं नव्हतं. भर पावसात, घाटाच्या तोंडाशी, फ्रिज आणि गाद्यांच्या शेजारी उभं राहून दुप्पट हमालीवर सही केली.

प्लायवुडचं फर्निचर आणू नका, फुगतं. लोखंडी कपाट गंजतं, पण टिकतं. पुस्तकं आणाच, पण काचेच्या दाराच्या कपाटात ठेवा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. पंखे आणू नका. खरंच. आमच्या घराला छताचा हुकच नाही.

स्वतः येण्यासाठी विमानाने किंवा रेल्वेने कोइंबतूर गाठा. मुंबईहून पुणे-सोलापूरमार्गे जाणारी कोइंबतूर एक्सप्रेस आहे. कोइंबतूरहून कुन्नूर साधारण ७० किलोमीटर. मेट्टुपाळयमहून सकाळी निघणारी डोंगरी रेल्वे एकदा जरूर घ्या. कल्लार ते कुन्नूर दातेरी रुळावर वाफेचं इंजिन गाडीला मागून ढकलतं. कुन्नूरपर्यंत ती १८९९ मध्ये आली. पण सामान आणि औषधं घेऊन येताना बसच बरी.

५. गाडीची नंबरपाटी

२०२४ च्या मे महिन्यापासून मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने बाहेरच्या गाड्यांना निलगिरीत यायला ई-पास लागतो. ऑनलाइन मिळतो, फुकट मिळतो. पण तुमच्या गाडीवर "एमएच १२" आहे तोवर तुम्ही नाक्यावरच्या पोलिसाला पर्यटकच. कोइंबतूरला दवाखान्यात जाऊन आलात तरी परतताना पास दाखवा. जिल्ह्याच्या स्वतःच्या "टीएन ४३" गाड्यांना तो लागत नाही.

कायद्याने दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवायची तर तिथे नोंदणी करावीच लागते. क्रम असा: आधी पुण्याच्या आरटीओची एनओसी (कर्ज असेल तर बँकेचीही), मग उटीच्या आरटीओकडे अर्ज, गाडी दाखवणं, इथला रस्ता कर भरणं, नवा नंबर. त्यानंतर महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेल्या वर्षांचा परतावा मागायचा. परतावा मिळतो, पण चिकाटी लागते. पुण्यातलं काम निघायच्या आधी करा. एका एनओसीसाठी परत पुण्याला जाणं म्हणजे जाऊन-येऊन चार दिवस.

घाटात हंगामाच्या गर्दीत बहुधा एकेरी वाहतूक करतात. चढायला कुन्नूरचा घाट, उतरायला कोटगिरीचा. डॉक्टरची वेळ घेताना हे धरून चला.

६. कागदपत्रांची पिशवी

एका प्लास्टिकच्या, झिप असलेल्या फोल्डरमध्ये सगळं ठेवा. कागद इथे पापडासारखा मऊ पडतो.

- दोघांचं आधार, पॅन, पासपोर्ट आणि प्रत्येकी डझनभर पासपोर्ट फोटो
- नोंदणीकृत भाडेकरार, मालकाच्या वीजबिलाची आणि घरपट्टीच्या पावतीची प्रत
- पेन्शनचा पीपीओ आणि बँक पासबुक
- गॅस कनेक्शनचं ट्रान्स्फर व्हाउचर (सिलिंडर आणि रेग्युलेटर पुण्यात परत करून घ्यायचं)
- गाडीचं आरसी, विमा, पीयूसी, आरटीओची एनओसी
- आजारपणाची फाइल: जुने रिपोर्ट, चालू औषधांची रासायनिक नावं, आरोग्य विम्याचं कार्ड
- माजी सैनिक असाल तर ईसीएचएसचं कार्ड

येताच आधारचा पत्ता बदला, बाकी सगळं त्याच्या मागून येतं. मतदार यादीसाठी फॉर्म ८. पेन्शनरांनी हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून द्यायला पुण्यातच शिकून घ्यावं, कारण दाखल्याचा महिना नोव्हेंबर आणि नोव्हेंबरात बँकेपर्यंत जाण्याचा रस्ता असेलच असं नाही. यजमानांचे जुने सहकारी या वाक्यावर हसतात. हसू देत.

७. तब्येत

घरातल्या कोणाला हृदयाचा, दम्याचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर पुण्यातल्या डॉक्टरला उंची सांगून विचारा. पहिले दहा-पंधरा दिवस चढावर दम लागतो, तो हळूहळू कमी होतो.

किरकोळ आजाराला कुन्नूरात सरकारी आणि खासगी दवाखाने आहेत, उटीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण अँजिओप्लास्टी, मोठी शस्त्रक्रिया, मेंदूविकार यांसाठी कोइंबतूर. रस्ता मोकळा असला तरी दोन-अडीच तास, आणि तेही घाटातून. ज्यांना कधीही मोठ्या रुग्णालयाची गरज पडू शकते, त्यांनी इथे येऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. बाकीच्यांनी महिनाभराची औषधं नेहमी घरात ठेवावीत आणि रात्री फोन केला तर येईल असा एक टॅक्सीवाला जोडून ठेवावा. आमचा सेल्वम अण्णा मेट्टुपाळयमच्या घाटातलं प्रत्येक वळण झोपेत सांगेल. तसा एक शोधा, दिवाळीला त्याच्या घरी चकल्या पाठवा.

८. चूल आणि बाजार

या उंचीवर पाणी साधारण ९४ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ शिजत नाही, कुकरला दोन शिट्ट्या जास्त. खोबरेल तेल बारा महिने गोठलेलं. दही लागत नाही, भांडं शालीत गुंडाळून फ्रिजच्या मागे, गरम जाळीजवळ ठेवा. आंबोळीच्या पिठालाही तोच उपाय.

भाजीची चैन आहे. गाजर, बीट, कोबी, फ्लॉवर, बटाटा इथलेच. सकाळी "उळवर सन्दै" म्हणजे शेतकरी बाजारात जा. चहाबरोबर "वर्की" नावाचं खुसखुशीत, पदरांचं बिस्किट मिळतं. आमची खारी त्याच्यापुढे फिकी, हे लिहिताना पुणेकर म्हणून वाईट वाटतंय.

किराण्यात शब्द घोटाळा करतात. मी पहिल्या आठवड्यात दुकानात "ज्वारी, ज्वारी" म्हटलं. दुकानदाराने हसून किलोभर साबुदाणा बांधून दिला. तमिळमध्ये साबुदाण्याला "जव्वरिसी" म्हणतात. एकादशी नव्हती, तरी आठवडाभर खिचडी खाल्ली. (आपला उपासाचा साबुदाणा मुळात इथल्याच सेलमकडून महाराष्ट्रात जातो.) ज्वारीला "चोळम" म्हणा, बाजरीला "कंबू", पोह्यांना "अवल", पिठाला "मावु". कोकम, गोडा मसाला आणि मेतकूट मात्र पुण्याहूनच. कोइंबतूरला गेलात तर सोन्याच्या बाजारात कान देऊन ऐका. विटा, आटपाडीकडची गलाईची, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याची, कामं करणारी सांगली जिल्ह्यातली माणसं तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सहा महिन्यांनी अचानक "काय ताई, कुठल्या तुम्ही?" ऐकलं तेव्हा मी दुकानातच रडले होते.

जिल्ह्यात एकदाच वापरायचं प्लास्टिक बंद आहे, पाण्याच्या छोट्या बाटल्यासुद्धा. पाहुण्यांना आधीच सांगा, नाक्यावर गाडी तपासतात. दारूची दुकानं सरकारी, तिथे प्रत्येक बाटलीमागे दहा रुपये जास्त घेतात आणि रिकामी परत केली की ते परत देतात. बाटल्या जंगलात फुटून जनावरांचे पाय कापू नयेत म्हणून.

९. शेजारी: माणसं आणि गवे

हिंदीवर विसंबू नका. इंग्रजी थोडी चालते, पण रिक्षावाला, भाजीवाली, नळदुरुस्तीवाला यांच्याशी तमिळच. रिक्षावाल्याला "अण्णा", भाजीवालीला "अक्का", वयस्कर बाईंना "अम्मा" म्हणा, अर्धं काम तिथेच होतं. आपल्याला एक फायदा आहे: आपल्याकडे ळ आहे. "मलै" म्हणजे डोंगर आणि "मळै"च्या जवळपास उच्चारतात तो पाऊस. हिंदी भाषकांची इथे तारांबळ उडते. आणि निघताना कोणी "जातो" म्हणत नाही, "पोय्ट्टु वरेन" म्हणजे "जाऊन येतो". माझ्या आजीने "जाते" म्हटल्यावर पाठीत धपाटा घातला होता, तोच नियम.

आसपासच्या खेड्यांना "हट्टी" म्हणतात, तिथे बडगा समाज राहतो. त्यांची भाषा कानडीच्या जवळची, त्यामुळे सोलापूर-गडहिंग्लजकडचे असाल तर शब्द ओळखीचे लागतील. मळ्यांमध्ये श्रीलंकेतून परतलेल्या तमिळ कुटुंबांची वस्ती मोठी आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या अक्कांचे वडील लहानपणी तिथूनच बोटीने आले.

आता गवे. इथले "काट्टेरुमै". टनाच्या आसपास वजनाचा प्राणी तुमच्या फाटकाशी शांतपणे गवत खात उभा असेल. हॉर्न वाजवू नका, फ्लॅश मारू नका, मागे फिरून थांबा. तो जाईल तेव्हा जाईल. एकदा मी पाऊण तास दुधाची पिशवी घेऊन वळणावर उभी होते. संध्याकाळनंतर टॉर्चशिवाय बाहेर पडायचं नाही. अस्वलं तेलाच्या आणि गुळाच्या वासाने स्वयंपाकघराची दारं मोडतात, म्हणून ओटा रात्री स्वच्छ आणि कचरा आत. कुत्रा असेल तर रात्री घरात घ्या, बिबट्या फिरतो.

१०. विकत घ्यायचंच असेल तर

दोन नोव्हेंबर काढूनही इरादा पक्का असेल तरच इथून पुढे वाचा.

तमिळनाडूत शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागत नाही. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हे ऐकून हर्ष होतो, आणि दलालाला ते ठाऊक असतं. पण तुमचा मुलगा अमेरिकेत असेल आणि "चहाच्या मळ्यातलं घर माझ्या नावावर घ्या" म्हणत असेल तर त्याला सांगा, अनिवासी भारतीयाला आणि ओसीआय कार्डवाल्याला (म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला) शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. साधं राहतं घर घेता येतं.

आपल्या सातबाऱ्याच्या जागी इथे "पट्टा" असतो, सोबत मोजणीचा नकाशा. दोन्ही ऑनलाइन बघता येतात. नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून ३० वर्षांचा ईसी, म्हणजे बोजाचा दाखला, काढा, त्यात जमिनीचे सगळे व्यवहार आणि बोजे दिसतात. विक्रेत्याकडे "ताय पत्तिरम" मागा. म्हणजे अक्षरशः आई-दस्त, ज्यातून बाकीचे दस्त जन्मले तो. तो "हरवलाय" असं उत्तर आलं तर चहा पिऊन उठा. "पोरंबोक" म्हणजे सरकारी जमीन. तिचा एक तुकडा कुंपणात घेऊन विकणारे आहेत. (हाच शब्द इथे वाया गेलेल्या पोराला शिवी म्हणूनही वापरतात.) वकील कुन्नूरचाच घ्या, दलालाने सुचवलेला नको.

गुडलूरकडे जमीन स्वस्त दिसते. तिथल्या जन्मम, म्हणजे जुन्या जमीनदारी पद्धतीच्या, जमिनींच्या मालकीचा वाद १९६९ च्या कायद्यापासून चालू आहे. मसिनागुडीच्या बाजूला हत्तींचा मार्ग, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो कायम केला आणि आड येणारे रिसॉर्ट बंद झाले. दोन्हीकडे फिरायला जा.

बांधायचं असेल तर डोंगरी भागाचे वेगळे नियम आहेत: उंची ७ मीटरपर्यंतच, उतार आणि जंगलाजवळच्या जागांना आणखी खात्यांच्या परवानग्या. बोअरवेल किंवा जेसीबीलाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. "नंतर बघू, मॅनेज होतं" म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार. मुद्रांक आणि नोंदणी मिळून साधारण ९ टक्के खर्च धरा.

आणि रस्ता. आम्ही तिसऱ्या वर्षी एका जागेला टोकन दिलं होतं. पट्टा स्वच्छ, ईसी स्वच्छ, समोर चहाचा उतार, सकाळी नऊला भरपूर ऊन. वकिलाने नकाशा पसरला आणि पेन्सिलीने दाखवलं: फाटकापर्यंतचे शेवटचे दोनशे मीटर शेजारच्या मळ्याच्या खासगी रस्त्यावरून होते, आणि दस्तात वहिवाटीचा उल्लेखच नव्हता. मळ्याने उद्या साखळी लावली असती तर घरी जायला गव्यांची वाट. दलाल म्हणाला, "सगळे असंच जातात, मॅडम." टोकन बुडालं.

सध्या आम्ही दक्षिणेकडे तोंड असलेल्या, अकरा पायऱ्यांच्या, भाड्याच्या घरात आहोत. करार जूनमध्ये पुन्हा नवा करायचाय, मालकांनी यंदा भाडं वाढवू नये म्हणून अम्मांना पुरणपोळ्या देऊन आलेय.